किडनी बाईचीच का?

घरात कुणाच्या किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलं, की सगळ्यांच्या नजरा बाईकडे वळतात. आई, बायको, बहीण. कुणी तोंडाने काही म्हणत नाही, म्हणावं लागतही नाही. ‘ते कमावते आहेत, माझं काय!’ असं शाहूपुरीत काम करताना मी कित्येकींच्या तोंडून ऐकलं आहे. मग ती स्वतः आजारी पडली तर? 2019 ते 2023 या काळात देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्या सुमारे 56,500 जणांपैकी 36,000 बाया होत्या. अवयव मिळालेल्या बाया मात्र 17,000च्या आसपास. यामागे प्रेम आहेच. पण प्रेमाचा हिशेब इतका एकतर्फी कसा?

एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या असतात. इजा झाली तर त्यांच्या नळ्यांतल्या पेशी काही प्रमाणात भरून येतात, पण गेलेली गाळणी परत उगवत नाही. एक किडनी दिल्यावर उरलेली आकाराने वाढते आणि पूर्वी दोघी मिळून करत त्याच्या साधारण 70 टक्के काम एकटी ओढते. नीट तपासून निवडलेल्या बहुतेक बाया पुढे निरोगी राहतात, हे खरं. तेव्हा भीती घालायची नाही, पण माहितीही लपवायची नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, किडनी दिलेल्या बायांच्या गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास 11 टक्के वेळा आढळला. न दिलेल्यांत 5 टक्के. मूल हवं असलेल्या तरुण सुनेला हे आधी कोण सांगतं?

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994चा. 2014चे नियम स्पष्ट सांगतात, की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. म्हणजे सही पुरेशी नाही. नवरा, सासू बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोललं पाहिजे. ती ‘नाही’ म्हणाली, तर तिच्यावर बोट न येता तो नकार घरच्यांपर्यंत पोचला पाहिजे.

आणि दिल्यानंतर? रुग्णाच्या गोळ्या घड्याळ लावून दिल्या जातात, तिची तपासणी राहून जाते. दरवर्षी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायलाच हवं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे बारीक बाईचा आकडा किडनी मंदावली तरी ‘नॉर्मल’ दिसू शकतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेली गाळणक्षमता विचारा.

मैत्रिणींनो, द्यायची तर खुशाल द्या. पण आधी विचारलं जाण्याचा, नाही म्हणण्याचा आणि नंतर सांभाळलं जाण्याचा हक्क सोडू नका.