हप्त्याच्या आधी किलोमीटर मोजा

ॲपला लावायची म्हणून कर्जावर नवी गाडी घ्यायच्या विचारात जे असतील, त्यांना माझी विनंती आहे. टोकन देण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. घरच्यांनाही शेजारी बसवा, कारण जामीनदार म्हणून सही बहुधा त्यांच्यातल्याच कुणाची असेल. दिवसाला अडीच हजारांचा धंदा होतो असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. तो होतो. त्यातलं घरी किती येतं, हे आपलं आपल्यालाच मांडून पाहावं लागतं.

आपण मांडून पाहू. सगळे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या शहराप्रमाणे बदलून घ्या. साडेआठ लाखांची सीएनजी सेडान, दीड लाख रोख भरले, सात लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण १५,२०० रुपये. कंपनीचा वाटा जाऊन रोज २,५०० हातात येतात आणि महिन्यात २६ दिवस गाडी चालते, म्हणजे ६५,००० रुपये. गाडी रोज १७० किलोमीटर धावते, महिन्याला ४,४२०. एसी लावून शहरातल्या गर्दीत किलोला २० चं ॲव्हरेज आणि गॅस ८० रुपये किलो धरला, तर गॅसलाच १७,७०० जातात. टायर, ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग यांचा खर्च किलोमीटरला दीड रुपया धरा, म्हणजे ६,६००. टॅक्सी पासिंगच्या गाडीचा विमा महिन्याकाठी ३,३००. फिटनेस, परमिट, पीयूसी मिळून हजारभर. पार्किंग, धुणं, फोन, बाहेरचं जेवण यांचे ४,०००. सगळं वजा केलं की १७,२०० रुपये उरतात. रोजचे बारा तास धरले तर तासाला ५५ रुपये. दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून राहणाऱ्या अनुभवी माणसाला मुंबई-पुण्यात इतकं सहज मिळतं, आणि गाडी घासली तर त्याचा हप्ता थकत नाही, कारण त्याला हप्ताच नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, हप्ता म्हणजे खर्च कसा? पाच वर्षांनी गाडी माझीच होणार ना? हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा तेही मांडू. साठ हप्त्यांचे ९ लाख १३ हजार आणि सुरुवातीचे दीड लाख, असे गाडीपायी १० लाख ६३ हजार गेले. तोवर गाडी २ लाख ६५ हजार किलोमीटर पळालेली असेल. ती दोन लाखांना विकली गेली असं धरलं, तरी ८ लाख ६३ हजार गेले ते गेलेच. महिन्याचे १४,४०० झाले. म्हणजे हप्त्यातला जवळपास सगळाच पैसा खर्च आहे, बचत नव्हे. धंद्यात नवे असताना अनेक जण ही झीज धरत नाहीत. पहिली दोन वर्षं सगळं छान चाललेलं दिसतं. मग टायर, क्लच आणि सस्पेन्शनचं काम एकाच हंगामात निघतं आणि हप्ता थकतो.

याच हिशेबातून रोज कामी येणारा एक आकडा निघतो. गॅस चार रुपये, दुरुस्ती दीड रुपया, गाडीची उतरणारी किंमत सुमारे अडीच रुपये, असं करून गाडी किलोमीटरमागे आठ रुपये खाते. प्रवासी बसलेला असो वा नसो. चार किलोमीटरवरचा पिकअप घेतला, तर प्रवासी दार उघडतो तेव्हा तुमचे ३२ रुपये गेलेले असतात. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये ॲप कॅबसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर ठरवण्यात आला. त्यातले ८० टक्के चालकाचे, म्हणजे १८ रुपयांच्या थोडं वर. या दराने अडीच हजार मिळवायला १७० पैकी १३७ किलोमीटर प्रवासी गाडीत हवा. सकाळी हिंजवडीला सोडायला गेलेल्या किंवा विमानतळाच्या रांगेत तासन् तास थांबलेल्या चालकाला विचारा, असा दिवस महिन्यात किती वेळा उगवतो. म्हणून भाडं स्वीकारताना पिकअपचं अंतर, प्रवासाचं अंतर आणि तिकडून रिकामं परतण्याचं अंतर यांची बेरीज करा आणि मिळणाऱ्या रकमेला त्या बेरजेने भागा. उत्तर बारा रुपयांच्या खाली येत असेल, तर शक्य तिथे ते भाडं सोडा. आठ रुपये गाडीचे गेले, विमा-परमिट-जेवणाचे आणखी दोन गेले, मग तुमच्या मेहनतीला उरलं काय?

दर आपल्या हातात नाही, ही या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी भरघोस इन्सेंटिव्ह दिले. ते पाहून कित्येकांनी गावाकडून येऊन कर्जावर गाड्या घेतल्या. पुढे इन्सेंटिव्ह आटले, पण हप्ते तेवढेच राहिले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतले ओला-उबरचे चालक संपावर गेले. जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप झाला आणि आझाद मैदानावर आंदोलन करावं लागलं. सरकारी दर कागदावर आला हे त्या लढ्याचं यश आहे आणि मी ते मोलाचं मानतो. पण पाच वर्षांचं कर्ज सहा महिन्यांच्या दराच्या भरवशावर काढू नये. आता काही ठिकाणी टक्केवारीऐवजी रोजची ठरावीक फी घेतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला ती स्वस्त पडते, चार भाडी मारून घरी जाणाऱ्याला महाग.

कंपनी तुम्हाला पार्टनर म्हणते, पण आजारपणाची रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी यांतलं काही देत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवलं आणि त्यांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क मिळाला. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराचं नाव आलं आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची तरतूद आहे. किमान कमाईची हमी मात्र तिच्यात नाही. तरीही ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवा, पुढच्या योजनांचा रस्ता तिथूनच जातो. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंपनीने चालकाचा किमान पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा काढायचा आहे. तुमच्या नावाची पॉलिसी आहे का, हे कंपनीला लेखी विचारा आणि क्रमांक घरी लिहून ठेवा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढाच, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. आणि पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने चालवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, मग सगळा भार कुटुंबावर येतो.

मग हा धंदा कुणाला परवडतो? ज्याची गाडी कर्जातून मोकळी झाली आहे, सीएनजीवर चालते आणि जो सकाळ-संध्याकाळच्या मागणीच्या वेळा धरून चालवतो, त्याला परवडतो. ज्याने ॲपबरोबर स्वतःची माणसं जोडली आहेत, त्याला तर चांगलाच परवडतो. सोसायटीतल्या आजोबांची दर आठवड्याची दवाखान्याची फेरी, ऑफिसची महिन्याची बांधलेली भाडी, लग्नसराईतली गावाकडची ट्रिप, यांत किलोमीटरचा दर तुम्ही ठरवता. अशी दहा-बारा घरं बांधली गेली की ॲप जोडधंदा होतो, आणि तो तेवढाच असावा असं माझं मत आहे.

नव्याने उतरणाऱ्यांनी आधी तीन महिने दुसऱ्याची गाडी रोजाच्या भाड्यावर घेऊन चालवावी. रोजचा मीटर, गॅस, तास आणि हाती आलेली रक्कम लिहावी. त्यातून गॅस आणि गाडीचं भाडं वजा जाऊन तासाला जे उरेल, ते पगारी नोकरीपेक्षा कमी असेल तर कर्ज काढू नये. ज्यांचा हप्ता चालू आहे आणि ओढाताण होते आहे, त्यांनी दोन हप्ते थकायची वाट पाहू नये. आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे विचारावं. व्याज जास्त जाईल, पण गाडी ओढून नेली जाण्यापेक्षा ते बरं. तेही जमत नसेल तर गाडीला किंमत येते आहे तोवर ती विकून कर्ज फेडा. हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून पैसे मात्र उचलू नका.