‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणजे नक्की कुठला?

‘पिशवीचा कॅन्सर’ हा शब्द आपल्या बोलण्यातून एकदाचा हद्दपार व्हायला हवा. आमच्या मानपाड्याच्या भजनी मंडळात तो दबक्या आवाजात उच्चारला जातो, आणि शेजारची लगेच म्हणते, “मग पिशवीच काढून टाकायची, कटकट नको!” जन्मभर मुलांना मराठी शिकवल्यामुळे असेल, पण तीन निरनिराळ्या आजारांना एकच नाव दिलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि व्हायला बरीच वर्षं घेतो. म्हणून तो आधीच पकडता येतो. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिडनं तपासणी करवली. डाग पांढरा दिसला की पुढचे उपचार. २०१३ साली निष्कर्ष आले : तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निराळा. लठ्ठपणा आणि मधुमेह त्याचे सोबती. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे मात्र “उष्णता झाली असेल” म्हणून सब्जा भिजत पडतो.

आणि बीजांडकोशाचा? तो तर पिशवीचा नव्हेच! पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, लघवीला सारखं जावं लागतं. आपण ओवा चावत बसतो. पॅप तपासणीत तो सहसा सापडत नाही, त्यामुळे “माझी पॅप नॉर्मल आली, मी सुटले” यात काही अर्थ नाही. नुसती पिशवी काढली तर बीजांडकोश जागच्या जागीच असतात, हेही कितीजणींना ठाऊक असतं?

या अज्ञानावर धंदा चालतो म्हणून माझा राग. २०१९ साली सरकारी समितीपुढे बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येकींचं दुखणं अंगावरून पांढरं जाण्याचं, पोटदुखीचं. भीती घातली होती कॅन्सरची. कुठल्या कॅन्सरची, कुठल्या तपासणीवरून, हे विचारायला त्यांच्याकडे शब्दच नव्हते.

लाजेपोटी पिशवी म्हणतो, असं एकीनं मला ऐकवलं. अहो, गुडघ्याचं सांगताना वाटी झिजली, गादी घासली, डाव्या बाजूची की उजव्या, सगळं तोंडपाठ असतं की!