उंबरठ्याचा नियम

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या मृत्यूने सुरू झाली. २०१९ च्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले आणि २०२१ मध्ये अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता भुतं होऊन वाड्यात परतले. चाकण-भोसरीच्या शिफ्टमधून घरी येऊन मालिका पाहणारा प्रेक्षक विचारतो, हे भूत याला दिसतं, त्याला का नाही? हा प्रश्न पोरकट नाही. तो नियमाचा वाटला, तरी मुळात पात्रांच्या स्वभावाचा आहे. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला रक्तपिपासू बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकू शकत नाही, म्हणून दार उघडणाऱ्याचा मोह हीच खरी कथा होते. 'तुंबाड' (२०१८) चित्रपटातला सोन्याचा रखवालदार हस्तर पिठाच्या रिंगणात शिरू शकत नाही. ही मर्यादा ठाऊक असल्यामुळेच चित्रपटाचा नायक विनायक पुन्हा पुन्हा त्याच्याकडे सोन्यासाठी जातो, तेव्हाच विनायकची हाव आपल्याला दिसते.

कुणी म्हणेल, भुतं मुळात नसतातच, मग नियम कसले? पण कथा ही भुतं असल्याची ग्वाही नसते. तो लेखकाने प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. नियमांनी भीती विरते, हा आक्षेपही टिकत नाही. मुंजा पिंपळावर असतो हे माहीत असल्यामुळेच पिंपळाखालची पावलं जड होतात. सोयीप्रमाणे नियम बदलला, तर पात्राच्या निर्णयाला किंमत उरत नाही. म्हणून असे वाद घालणाऱ्या प्रेक्षकाला आम्ही कथेचा जागता राखणदार मानतो.