सिनेमाचा तास आणि बिलातली कात्री

समाजशास्त्राच्या वर्गातल्या चित्रपट-विश्लेषणावरच्या आमच्या टिपणानंतर आलेल्या पत्रांत एकच रड आहे. तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) एका प्राध्यापकांनी सलग दोन तासिका घेऊन 'सामना' हा चित्रपट दाखवला. बिलात मंजूर झाली एकच. शेरा काय, तर चित्रपट दाखविणे म्हणजे अध्यापन नव्हे! दुसऱ्या एकांना निर्मात्याची परवानगी आणायला सांगितले. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. प्रेक्षक विद्यार्थी, पालक आणि कर्मचारी एवढेच असतील, तर शैक्षणिक संस्थेला सवलत तिथेच दिलेली आहे.

मग सिनेमाचे तुकडे पाडायचे. सोमवारी 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील भेटतो, गुरुवारी त्याला प्रश्न विचारणारा मास्तर, आणि शनिवारी निम्मा वर्ग गायब. परीक्षेत प्रश्न : कथानक लिहा, १० गुण. हे पाप मात्र कार्यालयाचे नाही, आपलेच आहे.

'सामना' १९७५ चा. जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरात तो शिकवायचा, तर साखर कारखाना दाराशीच आहे. उचल, मुकादम, टोळी हे ऊसतोडीचे शब्द इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांना कथासार कशाला लिहायला लावता? आवाज बंद करून एकच प्रसंग तीनदा लावा. खुर्चीत कोण, उभा कोण, मास्तरची दारू कोणाच्या पैशाची, हे विचारा. ऊसतोड कामगार पडद्यावर किती वेळ दिसतो, ते घड्याळ लावून त्यांनाच मोजू द्या. बायका कुठे दिसतात आणि काय करताना दिसतात, तेही.

दुसरे उदाहरण 'फँड्री' चित्रपटाचे. त्यात डुकरामागे धावणारे कैकाडी कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी थबकते. राष्ट्र, शाळा, जात सगळे त्या एका प्रसंगात आहे. त्याला अख्खा तास पुरत नाही. आपले विद्यार्थी मात्र 'जातिभेद वाईट' लिहून मोकळे होतात, कारण आपण त्याला गुण देतो.

राहिला प्रश्न वेळेचा. थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. भौतिकशास्त्राच्या बॅचला सलग दोन तास मिळतात, मग समाजशास्त्राने का मागू नयेत? अभ्यासमंडळावरच्या आपल्या मंडळींनी बैठकीत चहाबरोबर तोंडही उघडावे. प्रसंग-विश्लेषण प्रात्यक्षिक म्हणून नोंदवा, अंतर्गत मूल्यमापनात 'कथानक लिहा' बंद करा. ज्यांची बिले कापली गेली, त्यांनी शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. नाव छापणार नाही; शेरा मात्र जसाच्या तसा छापू.