टोपी न घालता हसवून दाखवा

धाडमधल्या माझ्या काही माजी विद्यार्थ्यांना 'इम्प्रोव्ह' करायचे आहे. हातात संहिता नाही. प्रेक्षक शब्द देणार, त्यावर जागेवरच प्रसंग उभा करायचा. काही पोरे उर्दू शाळेतली, काही मराठी. मला आनंद झाला. तो पहिल्या तालमीपर्यंत टिकला.

खेळ सगळे यूट्यूबवरून उचललेले. चिठ्ठी काढा, तसे वागा. एका चिठ्ठीत निघाले 'मुसलमान'. आमच्याच मोहल्ल्यातल्या पोराने डोक्याला रुमाल बांधला आणि सिनेमातल्या खानचाचाची मोडकी मराठी सुरू केली. पुढे चार बायका, बारा पोरे. सगळे पोट धरून हसले. हाच मुलगा एरवी माझ्याशी अस्सल वऱ्हाडी बोलतो!

मी त्याला दोष देत नाही. दोन सेकंदांत काहीतरी बोलायचे असले की हाताशी असते तेच बाहेर येते, आणि हाताशी काय असावे हे सिनेमाने केव्हाच ठरवले आहे. दोष खेळाच्या रचनेचा आहे.

'उत्स्फूर्त म्हणजे नियम नकोत' म्हणणाऱ्यांनी तमाशा नीट पाहिलेला नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम बांधलेला असतो, म्हणून सोंगाड्या मोकळा सुटतो. 'विच्छा माझी पुरी करा' वसंत सबनिसांनी लिहिले, पण दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडी घालत. कलगी-तुऱ्यात एक फड सवाल टाकतो, दुसऱ्याला जवाब द्यावाच लागतो. ही परंपरा शाह अली आणि तुकनगीर यांनी सुरू केली असे सांगतात. एक फकीर, एक गोसावी. आमच्या उर्दू शाळांतली बैतबाजी घ्या: समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपेल, त्यावरून आपला सुरू. कीथ जॉनस्टन यांनी कॅनडातल्या कॅलगरीत 'थिएटरस्पोर्ट्स' उभे केले ते कुस्तीच्या गर्दीचा जोश बघून. त्यांना कुस्ती चालते, मग आपल्याला आपला फड का नको?

म्हणून मी मुलांपुढे एक चौकट ठेवली. दोन फड. प्रेक्षकांनी फक्त भांडण द्यायचे: कोरलेला बांध, एसटीतली खिडकीची जागा, किराण्याची उधारी. माणसाची जात, धर्म द्यायचा नाही. एकाचे वाक्य ज्या शब्दावर संपेल, त्याच शब्दाने दुसऱ्याने सुरुवात करायची. घंटा वाजली की बाजू बदलायची. सावकाराची बाजू लढवणारा आता कर्जदार.

पहिली दहा मिनिटे खेळ साफ पडला. मग उधारीच्या भांडणात एकजण म्हणाला, "तुझी उधारी आता वहीत मावत नाही." रुमालवाला पोरगा ताडकन, "नाही तर नवी वही घ्या काका, तिचे पैसेही माझ्याच खात्यावर लिहा!" त्या दिवशीचे सर्वांत मोठे हसू तेच. समोरच्याचे ऐकल्याशिवाय ते वाक्य सुचूच शकत नव्हते.

एकाने हरकत घेतली, "सर, धर्म काढला तर धार जाईल." अरे, आपल्यावर हसायला माझी ना नाही. दखनी मुशायऱ्यात मौलवीसाहेबांना कोण सोडतो? पण तिथला शायर मौलवीसाहेबांना रोज बघतो. तुम्ही फक्त टोपी बघता.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारले, "जुम्म्याला मशिदीबाहेर चप्पल बदलली, हे भांडण चालेल का?"

चालेल म्हणालो. पुढच्या तालमीत तेच पहिले घेणार आहोत.