गोव्याच्या वेळी जगाला हाक मारली, आता गप्प का?

कॉलेजची ट्रिप गोव्याला गेली की आग्वादच्या किल्ल्यावर फोटो होतोच. दीपगृह, समुद्र, एखादं रील, चला पुढच्या पॉइंटला. त्याच किल्ल्याच्या खालच्या अंगाला एक जुना तुरुंग आहे, आता तिथं संग्रहालय झालंय. पुढच्या वेळी तिथं अर्धा तास काढा. नानासाहेब गोरे या तुरुंगात होते. मे १९५५ मध्ये पुण्यातून गेलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीचे ते नेते, आणि सोबत सत्तरी ओलांडलेले सेनापती बापट. गुन्हा काय, तर तिरंगा घेऊन हद्द ओलांडली. गोरेंना लष्करी न्यायालयानं दहा वर्षं ठोठावली, मधू लिमयेंना बारा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसं गेली.

तेव्हाच्या गोव्यात लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. सभा घेतली की अटक. आणि पोर्तुगाल जगाला सांगायचा, गोवा ही वसाहत नाहीच मुळी, तो आमचा सागरापारचा प्रांत आहे. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीही संयुक्त निवेदनात तीच भाषा वापरली. पोर्तुगाल नाटोतला मित्र, मग काय! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला 'हे प्रांत नाहीत, या परकीय सत्तेखालच्या वसाहती आहेत' असं म्हणायला डिसेंबर १९६० उजाडला. आपले नेते, वर्तमानपत्रं, गल्लीतले कार्यकर्ते तेव्हा एकच विचारत होते : जग बोलत का नाही?

एका माणसाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी. मोहन रानडे, मूळचे सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. त्यांचा मार्ग सत्याग्रहाचा नव्हता, पोलीस ठाण्यांवर सशस्त्र हल्ले केले. तो मार्ग तुम्हाला पटो न पटो. १९५५ मध्ये बेतीच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षं. पुढं त्यांना थेट पोर्तुगालला नेलं, कित्येक वर्षं एकांतकोठडीत ठेवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मिरवणुका निघाल्या. आणि हा माणूस लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातच!

ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सात वर्षांनी. सुधीर फडक्यांनी, हो, आपले बाबूजीच, त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून दारोदार पाठपुरावा केला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. विचार करा, एका मराठी शिक्षकासाठी एक तमिळ मुख्यमंत्री रोमला जाऊन बोलतो. अण्णादुराईंना कॅन्सर होता. रानडे सुटले आणि थोड्याच दिवसांत अण्णा गेले. त्यांना काय पडली होती?

आता नकाशा उघडा आणि आफ्रिकेच्या वायव्य टोकाला या. मोरोक्कोच्या खाली पश्चिम सहारा नावाचा एक पट्टा दिसेल, बऱ्याच नकाशांत तुटक रेषेनं वेगळा केलेला. गाझाच्या बातम्या तुमच्या मोबाइलवर येतात, आणि यायलाच हव्यात. इथल्या येत नाहीत, म्हणून हा लेख. १९७५ पर्यंत तिथं स्पेन होता. तो जाताना मोरोक्को घुसला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ऑक्टोबर १९७५ मध्येच सांगितलं होतं की मोरोक्कोचे जुने संबंध दाखवून इथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क डावलता येणार नाही. १९७९ मध्ये आमसभेनं 'कब्जा' हाच शब्द वापरला. लाखाहून अधिक सहारावी माणसं अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत राहतात. तुमच्या वयाची पोरं तिथंच जन्मली. २०१० मध्ये एल आयून शहराबाहेरची निषेधाची छावणी पोलिसांनी मोडली. त्यात पोलीसही मेले, हे लपवायचं कारण नाही. पण खटला चालला लष्करी न्यायालयात, आणि कार्यकर्ते नामा असफारी यांना ३० वर्षं. त्यांच्या छळाच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं २०१६ मध्ये मोरोक्कोला दोषी धरलं. आणि २०२० मध्ये अमेरिकेनं हा प्रदेश मोरोक्कोचाच असल्याचं मान्य करून टाकलं. डलेसची आठवण येते की नाही?

संयुक्त राष्ट्रांची एक मोहीम तिथं १९९१ पासून आहे. सार्वमत घेण्यासाठी आली होती. सार्वमत आजवर झालेलं नाही. आणि गंमत अशी (गंमत कसली!), की मानवी हक्कांवर लक्ष ठेवण्याचा अधिकारच या मोहिमेला नाही. २०१३ मध्ये खुद्द अमेरिकेनं तो द्यायचा प्रस्ताव आणला होता, मोरोक्को रुसला आणि प्रस्ताव गुंडाळला. पोलिसारिओच्या छावण्यांबद्दलही तक्रारी आहेत, म्हणून निरीक्षक दोन्ही बाजूंना हवेत.

'इथं कांद्याला भाव नाही, उसात बिबट्या, आणि तुम्ही सहाराचं काय काढलंत?' हा प्रश्न मंचर-नारायणगावच्या कुठल्याही कट्ट्यावर येणार. तर घरातली डीएपीची गोणी बघा. १८:४६ मधले ते ४६ म्हणजे फॉस्फेट. भारत फॉस्फेट आणि फॉस्फोरिक अॅसिड मोठ्या प्रमाणात मोरोक्कोकडून घेतो. आणि पश्चिम सहारातली बू क्राची फॉस्फेटची खाण मोरोक्कोच्या सरकारी कंपनीकडे आहे. तिथून समुद्रापर्यंत जवळपास १०० किलोमीटरचा पट्टा दगड वाहून आणतो. आपल्या गोणीत त्यातलं किती, ते गोणीवर छापलेलं नसतं. भारतानं १९८५ मध्ये सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, २००० मध्ये ती काढून घेतली. खत हे एकच कारण असेल असं मी म्हणत नाही, पण खत लागणारा देश मोरोक्कोला दुखवायला कचरतो, एवढं समजायला परराष्ट्रनीतीची पदवी लागत नाही.

डीएपी घेऊ नका, असं सांगणारा मी कोण? रांगेत उभं राहूनही ते मिळत नाही. पण माल कुठून आला हे विचारायची रीत आंबेगावला नवी नाही. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणी कामगार होते, पोटाची भ्रांत त्यांनाही होती. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले, तेव्हा वय होतं अवघं २२. तुमच्याकडून कुणी ट्रकपुढे आडवं व्हायला सांगत नाही. एक पत्र लिहा.

जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. आपल्या खासदारांना लिहा की लोकसभेत दोन प्रश्न विचारा. पहिला खतमंत्र्यांना : आयात होणाऱ्या फॉस्फेटमध्ये पश्चिम सहाराच्या खाणीतलं किती, आणि तिथल्या लोकांची संमती कुणी घेतली? दुसरा परराष्ट्रमंत्र्यांना : त्या मोहिमेला मानवी हक्कांवर देखरेखीचा अधिकार मिळावा, यासाठी भारत संयुक्त राष्ट्रांत बोलणार का? वर्गातल्या तीस-चाळीस जणांच्या सह्या घ्या, खाली गावाचं नाव आणि पिनकोड टाका. पत्र मराठीतच लिहा. लेखी उत्तर आलं तर त्याची प्रत या पानाकडेही पाठवा, आम्ही छापू.