जनुकाचे कूळ आणि जनुकाचे काम

जनुकक्रमांच्या संगणकीय तुलनेतून धान्यपिकांतील पोषकद्रव्य वाहणारी प्रथिने ओळखता येतात, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे खरे. पण साम्यावरून प्रथिनाचे कामही ठरते, हा त्यातला निष्कर्ष घाईचा आहे. तुलनेतून कळते ते प्रथिनाचे कूळ आणि ते पेशीपटल किती वेळा ओलांडते याचा अंदाज. ते नेमके काय वाहते, हे कळतेच असे नाही. भातातील एलएसआय-१ हे पाणी वाहणाऱ्या ॲक्वापोरिनांच्या कुळातले. प्रत्यक्षात मात्र ते मुळांत सिलिकॉन घेते, असे २००६ मध्ये दिसले. त्याच वाटेने विषारी आर्सेनाइटही शिरते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिकचे हेच रूप जास्त असते, म्हणून रोज भात खाणाऱ्यांसाठी हा प्रश्न गंभीर आहे. भातातीलच एनरॅम्प-५ हे प्रथिन मँगनीजबरोबर कॅडमियमही आत घेते. ते बंद पाडले की दाण्यातील कॅडमियम घटते, पण मँगनीज कमी मिळाल्यास रोपच खुरटते. गव्हात तर तीन जनुकसंच, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती; मग कोणती प्रत काय करते, हे ठरवणे आणखी अवघड. यीस्टमध्ये किंवा बेडकाच्या अंडपेशीत वहन मोजल्याशिवाय आणि शेतात चाचणी घेतल्याशिवाय संगणकाने दिलेली ओळख तात्पुरतीच मानावी.